त्याच्या नावावर एकसष्ट पुस्तकं

मे महिन्यात बदलापुरात दुपारी तीन वाजता घराबाहेर पडणारा माणूस एक तर कुरियरवाला असतो, नाहीतर वेडा. त्यामुळे शिदोरी बालवाचनालयाच्या दारात कुणीतरी उभं राहिलं तेव्हा मी मान वर न करताच म्हटलं, "पार्सल असेल तर वॉचमनकडे ठेवा."

"पार्सल नाही... पुस्तक आहे."

लाइट गेले होते. पंखा बंद पडून अर्धा तास झाला होता. ओढणी खुर्चीच्या पाठीवर, केसांत पेन्सिल खोचलेली, हातात वारा घ्यायला एक पुठ्ठा — कुणी पहिल्यांदा बघावं अशा अवस्थेत मी मुळीच नव्हते. मी घाईने ओढणी ओढली, तर तिच्याबरोबर खुर्चीही आली. त्याने हसू दाबलं, पण खालचा ओठ जरा दुमडलाच. आणि तो ओठ चांगला गडद जांभळा होता!

"जांभळं खाऊन लायब्ररीत येत नाहीत," मी म्हटलं. "पानांना डाग पडतात."

"सॉरी. बेलवलीच्या नाक्यावर टोपली दिसली, राहवलं नाही. आमच्या नाशिकला ही चव नाही."

त्याने पुस्तक टेबलावर ठेवलं. एका उंटाने दवाखाना काढला, त्याची गोष्ट. मी मागचं कार्ड काढलं. परत करायची तारीख : २ ऑगस्ट २००५.

"वीस वर्षं!"

"एकोणीस वर्षं नऊ महिने," तो म्हणाला. "दंड किती?"

"आमच्याकडे पैशाचा दंड नसतो. उशीर झाला की इथे उभं राहून पुस्तकातली गोष्ट सांगायची. माईचा नियम आहे. मूल उशीर करतं म्हणजे पुस्तक एक तर आवडलेलं नसतं, नाहीतर फारच आवडलेलं असतं. दोन्ही ऐकण्यासारखं."

मला वाटलं तो हसून टाळेल. पण त्याने खरंच हात मागे बांधले आणि शाळेतल्यासारखा सुरू झाला. उंटाचा घसा दुखायला लागतो, आणि उंटाचा घसा म्हणजे केवढा लांब! औषध वरून खाली उतरेपर्यंत दुपार होते... सांगता सांगता तो थांबला.

"पुढे?"

"पुढची आठ पानं नाहीत. सव्वीस जुलैला आमच्या जिन्यात पाणी आलं होतं ना... मी अकरा वर्षांचा. होड्या केल्या."

"लायब्ररीच्या पुस्तकाच्या?"

"चांगल्या चालल्या."

मला राग यायला हवा होता. आला नाही. मी म्हटलं, "अर्धी गोष्ट म्हणजे अर्धा दंड. शेवट आठवून उद्या या." खरं सांगायचं तर पुस्तकासाठी त्या दारातून कित्येक महिन्यांत कुणी आलं नव्हतं, आणि उद्याही कुणीतरी यावं असं मला फार वाटत होतं.

तो गेल्यावर मी कार्डावरचं नाव वाचलं. विनीत हरिचंद्र सुरोशे. कार्ड उजेडात धरून पुन्हा वाचलं. कारण हे नाव मी सहा वर्षं माझ्या हाताने लिहीत होते, आणि हा माणूस मी आयुष्यात पहिल्यांदाच बघितला होता.

हे नीट कळायला माई कळायला हवी. माई माझी आत्या. आई गेल्यावर बाराव्या वर्षी मी तिच्याकडे आले, ती आजतागायत. माई अंबरनाथच्या एका शाळेत शिकवायची. सत्त्याऐंशी साली तिने शुभांकुर सोसायटीच्या जिन्याखाली एक पत्र्याची ट्रंक ठेवली आणि तिला वाचनालय म्हणायला लागली. पुढे सोसायटीने बी विंगची तळमजल्यावरची खोली दिली. एके काळी चारशे मुलं सभासद होती म्हणे. मग मुलांच्या हातात मोबाइल आले, काचबिंदूने माईची नजर नेली, आणि लॉकडाऊनने उरलेलं सगळं नेलं. खोली मी उघडत राहिले.

रोज संध्याकाळी माई देवघेवीचं रजिस्टर मांडीवर घ्यायची. "आज कोण कोण आलं गं?" असं विचारत पानावरून बोट फिरवायची. बॉलपेनने दाबून लिहिलेल्या ओळी तिच्या बोटाला लागायच्या. एक दिवस कुणीच आलं नाही, आणि ते बोट कुठेही न अडता पानाच्या तळाशी गेलं. तिचा चेहरा मी तेव्हा पाहिला. दुसऱ्या दिवसापासून मी लिहायला लागले.

जुन्या सभासदांची नावं घ्यायची. "आता आपल्या मुलांसाठी नेतात गं पुस्तकं," असं माईला सांगायचं. त्यांच्या सह्या मीच करायची. आणि विनीतचं नाव सगळ्यांत जास्त, कारण माईचा आणखी एक नियम होता — ज्याच्याकडे पुस्तक बाकी आहे त्याचं नाव कापायचं नाही, तो येणार आहे. असं एकच कार्ड खोक्यात उरलं होतं. दुपारभर एकटी बसून मी जे पुस्तक वाचायची ते त्याच्या नावावर लिहायची. सहा वर्षांत एकसष्ट झाली. न पाहिलेल्या माणसाला मी आवडीनिवडी देऊन टाकल्या होत्या. त्याला भुतं नको असायची, खाण्यापिण्याच्या गोष्टी हव्या असायच्या. एकदा 'पंधरा दिवस उशीर' असं लिहून मी त्याच्यावर चिडलेही होते. हसू नका. रिकाम्या खोलीत बसलेल्या बाईला कुणावर तरी चिडावं लागतं.

दुसऱ्या दिवशी तो आला. "शेवट आठवला?" "थोडासा. उंटाला शिंक येते..." आणि शिंकेत एक तास काढला. तिसऱ्या दिवशी उंट मध्येच बाजारात गेला. चौथ्या दिवशी मी म्हटलं, "तुम्ही हे मुद्दाम लांबवताय."

"उंटाची मान आहे, लांबणारच."

त्याचे वडील जानेवारीत गेले होते. आमच्याच सोसायटीत, ए विंगमध्ये, त्यांचं घर होतं आणि ते रिकामं करायला तो आला होता. सोसायटी पाडून नवी उभी राहणार होती, पंधरा जूनपर्यंत सगळ्यांनाच निघायचं होतं. पुराच्या वर्षीच, मी माईकडे येण्याआधी, तो शिकायला नाशिकला गेला होता; पुढे वडीलच त्याला भेटायला तिकडे जायचे. आता तिथेच तो द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये माल तपासायचा. हंगाम संपला होता, महिन्याची रजा होती.

आणि माझ्या त्या रिकाम्या खोलीचं पुढे काय, हे सोसायटीच्या सभेच्या हातात होतं. नव्या इमारतीत बिल्डर सोसायटीला एक जास्तीची खोली देणार होता. ती वाचनालयाला द्यायची की जिमला, हे मेच्या शेवटच्या रविवारी ठरणार होतं. सेक्रेटरी हेमंतकाका तसे भले. ते म्हणाले, "भावनेवर खोली मिळत नाही, रोहिणी. वाचनालयाचा इतिहास दोन पानांत लिहून दे, आणि पाच वर्षांचं देवघेव रजिस्टर दे. मी मांडतो." खोली गेली तर माईला काय सांगायचं, या विचाराने माझी झोप उडाली होती.

"इतिहास मी लिहितो," विनीत म्हणाला. "तू फक्त सांग. आणि हे तुम्ही-तुम्ही बंद कर. माझा घसा दुखायला लागलाय उंटासारखा."

मग मी सांगत गेले आणि तो लिहीत गेला. पुराच्या पाण्याने सगळी पुस्तकं भिजली तेव्हा घराघरातून कपड्यांचे चिमटे गोळा करून मुलांनी ती गच्चीवर दोरीला लावली होती. वाळल्यावर पुस्तकं अशी फुगली की कपाटाचं दार आजतागायत लागत नाही. दर गुरुवारी माई पिशवीभर पुस्तकं घेऊन बारवीकडच्या वाडीत जायची. तिथली गोदू नावाची मुलगी खूण म्हणून पानांत करवंदाचं पान ठेवायची... विनीतला पेन कधी सापडायचं नाही. माझ्या केसांतली पेन्सिल तो न विचारता काढून घ्यायचा, आणि केस खांद्यावर आले की कागदावरून नजर उचलून एकदाच बघायचा. एकदाच. मी रोज सकाळी केस धुवायला लागले, यातच काय ते समजा.

एक दिवस मी माठातलं पाणी आणायला आत गेले आणि परत आले, तर त्याच्यासमोर चालू रजिस्टर उघडं होतं. मी ते कपाटाच्या तळाला ठेवलं होतं. पण ज्या कपाटाचं दार लागत नाही, त्यात काय लपणार?

"रोहिणी... मी मार्चमध्ये इथे होतो?"

मी पाण्याचा तांब्या धरून उभी राहिले.

"मांजरांच्या गोष्टी नेल्यात मी. त्याआधी खानावळीचं पुस्तक. त्याआधी परत खानावळीचंच. काय झोल आहे हा?"

मी सांगून टाकलं. माईचं बोट, कोरं पान, सगळं. मान खाली घालून सांगितलं. तो हसेल, नाहीतर उठून जाईल, असं वाटलं होतं. तो स्वतःच्या सहीवरून अंगठा फिरवत बसला होता.

"माझी सही माझ्यापेक्षा बरी करतेस," तो म्हणाला. "पण भुताचं एकपण पुस्तक नाही?"

"तुला भुतांची भीती वाटते."

"कोण म्हणालं?"

"मला वाटते. म्हणून... तुलाही."

त्याने रजिस्टर मिटलं. मग म्हणाला, "सहा वर्षं कुणीतरी माझ्या नावाने बसून वाचत होतं. आणि मी तिकडे रूमवर मोबाइल समोर ठेवून एकटा जेवायचो. मला माहीत असतं ना गं..." वाक्य त्याने पुरं केलं नाही. माझा तांब्या धरलेला हात त्याने मनगटापाशी धरला आणि सोडला. त्या दिवशी उंट राहूनच गेला. मी त्याच्या प्रेमात पडले होते, हे मला तेव्हा स्पष्ट कळलं. त्या आनंदाबरोबर इतकी लाज होती की दोन्ही वेगळी करता येईनात.

जाताना तो म्हणाला, "हे रजिस्टर सभेत नको देऊस. इतिहास पुरे आहे."

"मागितलंय त्यांनी."

"हरवलं म्हण."

"एक पुरात हरवलंय. आणखी एक कसं हरवू? आणि टेन्शन नको घेऊस, विनीत. रजिस्टर कोण वाचतंय? जाडी बघतील आणि ठेवून देतील."

वाचनालय चालवणाऱ्या बाईने हे बोलावं! सगळ्यांनी वाचावं म्हणून जिने जन्म काढला ती मी, आणि कुणी वाचणार नाही या भरवशावर मी ते रजिस्टर हेमंतकाकांच्या हातात दिलं.

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या. विनीतने इतिहास वाचला. चिमट्यांची गोष्ट आली तेव्हा मागच्या ओळीतून वेणूमावशी ओरडल्या, "आमचे दोन डझन गेले, अजून परत नाही आले!" सगळे हसले. हसताना दोघीतिघींनी डोळे पुसले. मला वाटलं, जमलं. माईला संध्याकाळी काय सांगायचं ते मी मनात जुळवायलाही लागले.

जिमवाल्यांच्या बाजूने उन्मेष उठला. "हिस्ट्री एकदम भारी आहे. पण आज कोण येतं तिथे? ते बोला ना."

हेमंतकाकांनी रजिस्टर उघडलं. त्यात त्यांनी कागदाची खूण घातली होती. म्हणजे ते पानन् पान वाचून आले होते.

"नऊ मार्च," ते म्हणाले. "ऋतिका हेमंत. परीकथांचं पुस्तक. शेऱ्यात लिहिलंय, मुलीसाठी." त्यांनी चष्मा काढला. ऋतिका म्हणजे त्यांची मुलगी, शाळेत माझ्या वर्गात होती. "रोहिणी, ऋतिका पाच वर्षं बेंगळुरूला आहे. तिला मूल नाही. डॉक्टर चालू आहेत... तुला माहीत नसणार, आम्ही कुणाला बोललो नाही. पण तू तिची मुलगी लिहून टाकलीस."

ते रागाने बोलले असते तर बरं झालं असतं. धरणीने पोटात घ्यावं म्हणतात ते काय, ते मला त्या खुर्चीवर कळलं.

आणि विनीत उभा राहिला.

"माझ्या नावावर एकसष्ट पुस्तकं आहेत," तो म्हणाला. "ती मी वाचलीत."

"भाई, तू तर नाशिकला होतास," उन्मेष म्हणाला.

"होतो. या महिन्यात वाचली. रोज पाच-पाच, सहा-सहा. माझ्या नावावरची एकही नोंद आता खोटी नाही. कुठलंही पुस्तक विचारा, उभ्या उभ्या गोष्ट सांगतो."

इतिहासासाठी चाळतो म्हणून तो रोज पिशवी भरून पुस्तकं न्यायचा. मला वाटायचं, चाळत असेल. माझं खोटं खरं करायला एका माणसाने मांजरांपासून खानावळीपर्यंत सगळं वाचून काढलं होतं. एरवी असं काही कुणी माझ्यासाठी केलं असतं तर मी उडालेच असते. तेव्हा मला फक्त वाटलं, याने बसावं. माझ्यासाठी हा चारचौघांत हसू होतोय, याने खाली बसावं.

कुणी गोष्ट विचारली नाही. "बस, विनीत," हेमंतकाका हळूच म्हणाले. हात वर करून मतं घेतली. जिमला सव्वीस, वाचनालयाला सात. हेमंतकाकांनी कुठेच हात वर केला नाही.

दुसऱ्या कुणी माईच्या कानावर घालायच्या आत मला सांगणं भाग होतं. विनीत दारापर्यंत आला होता. "मी येऊ आत?" त्याने विचारलं. मी नको म्हटलं. हे माझं होतं.

रजिस्टर परत आणलं होतं. माईने ते मांडीवर घेतलं आणि मी सांगितलं. तिचं बोट एका ओळीवर होतं, तिथेच राहिलं.

"म्हणजे सहा वर्षं कुणीच आलं नाही."

"सुरुवातीला चार-पाच मुलं यायची, माई..."

"मी बंद केलं असतं गं," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "मला कळलं असतं तर मीच बंद केलं असतं. माझ्या हाताने कुलूप लावलं असतं, किल्ली सोसायटीला दिली असती, शेजारणीकडे चहा पिऊन घरी आले असते. तू मला तेवढंसुद्धा करू दिलं नाहीस."

त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. वाढलेलं जेवायची, हात धरला तर चालायची. बोलायची मात्र नाही. पुस्तकं वांगणीकडच्या एका शाळेने नेली. त्यांच्याकडे एकच कपाट होतं. उरलेल्यांचं काय, असं मी विचारलं तर "बघू" म्हणाले. मी पुन्हा विचारलं नाही.

नऊ दिवसांनी विनीतचा टेम्पो भरून झाला. घर नव्हे, घराचे चार तुकडे : लोखंडी पलंग, मिक्सर, वडिलांची खुर्ची, आणि उभा पंखा, जो मागे मावेना. तो पंखा मांडीवर घेऊन विनीत ड्रायव्हरशेजारी बसणार होता. एरवी मी यावरून त्याला दिवसभर छळलं असतं.

"चल नाशिकला," तो म्हणाला. "माईंना घेऊन चल. माझी खोली लहान आहे, पण मोठी बघू."

"ती माझ्याशी बोलत नाही, विनीत. न बोलणाऱ्या माणसाला गाव बदलूया का हे तरी कसं विचारू?"

"मग मी येत राहीन. रोज फोन करीन."

"नको."

तो माझ्याकडे बघत राहिला. "प्रेम नाहीये का?"

"आहे," मी म्हटलं. इतक्या पटकन म्हटलं की माझी मलाच लाज वाटली. "खूप आहे. पण तू गेलास की मी काय करीन ते मला माहीत आहे. तुझा फोन आला नाही त्या दिवशीही मी तो आला असं धरून चालेन. तुझ्या वाटचं बोलेन, तुझ्या वाटचं रुसेन, तुझ्या वाटचं परत जवळही येईन. मला ते फार छान जमतं. तू नसताना तुझ्याबरोबर मी सहा वर्षं काढलीत रे. त्याच्यात ऋतिकाची न झालेली मुलगी चिरडली, माई दुरावली. आता नाही करायचं मला."

"मी खरा आहे, रोहिणी."

"इथे आहेस तोवर."

"मग मी करू काय?"

"जा."

त्याने भांडावं असं मला वाटत होतं. जात नाही म्हणावं, पंखा रस्त्यावर आपटावा. पण तो सरळ माणूस. ज्याचं-त्याचं ऐकणारा. त्याने हात पुढे केला, माझ्या कानामागची बट नीट केली, आणि तो हात परत घ्यायला त्याला वेळ लागला.

"चला साहेब," ड्रायव्हर साईनाथ आतून म्हणाला. "उशीर केला तर कसारा घाटात अडकू."

विनीत चढला. पंख्याच्या जाळीआडून त्याचा अर्धाच चेहरा दिसत होता. तो काहीतरी बोलला, पण टेम्पो सुरू झाला होता आणि मला ऐकू आलं नाही. काय म्हणाला असेल, याचा विचार मी करायचा नाही असं ठरवलं. टेम्पो बेलवलीच्या वळणावर दिसेनासा झाला. विचार तरीही केलाच.

सहा वाजत आले होते. माईच्या डोळ्यांत थेंब घालायची वेळ. दृष्टी गेली तरी ते घालावेच लागतात, नाहीतर डोळे ठणकतात. म्हणून रडायचं मी नंतरवर टाकलं आणि घरी गेले. माई खिडकीपाशी बसली होती. माझी पावलं ऐकून तिने चेहरा वर केला, डोळे उघडे धरले, एक शब्द न बोलता. मी एकेक थेंब घातला. तिच्या दोन्ही गालांवरून पाणी ओघळलं, थांबायला हवं होतं त्यापेक्षा जास्त वेळ ओघळत राहिलं. मी ओढणीने पुसायला गेले, तर तिने माझा हात बाजूला केला.